चार्जिंग न होणारी मोटार आणि उद्यमनगरातील एक ऑटो इलेक्ट्रिशियन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, ओतकामाच्या आणि लेथच्या कारखान्यांच्या रांगेमागे, एका अरुंद बोळात ऑटो इलेक्ट्रिकचे एक छोटे दुकान आहे. पाटीवरचे नाव पावसापाण्याने पुसट झाले असून 'डायनामो, सेल्फ, वायरिंग' एवढेच शब्द आता वाचता येतात. दोन ठिकाणी दोन परस्परविरुद्ध निदाने ऐकून, आणि त्यांपैकी एकावर चार हजारांहून अधिक रुपये खर्च करून, मी तेथे पोहोचले होते. तेथील मिस्त्रींनी दोन टर्मिनल आणि वीतभर वायर एवढ्या सामानात ती मोटार दुरुस्त केली. ती कशी केली हे सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण चार्जिंगच्या तक्रारीत बहुतेकांचा पैसा दुरुस्तीपेक्षा चुकीच्या निदानावर अधिक जातो.

माझी मोटार तेरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार आहे. घरापासून महाविद्यालय चार किलोमीटरवर आहे, आणि महिन्यातून एकदा आईला भेटायला पुण्याला, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर, जाणे होते. जूनच्या अखेरीस पाऊस धरल्यावर तक्रार सुरू झाली. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) नुसताच 'टक' असा आवाज करी आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत. शेजाऱ्यांच्या गाडीला जंपर लावून मोटार चालू केली की दिवसभर निभत असे, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा तीच गत. यात एक विचित्र गोष्ट होती. पुण्याला जाऊन आले की पुढचे चार-पाच दिवस मोटार पहिल्या किल्लीला चालू होई. मी भौतिकशास्त्र शिकवते, तरीही या विसंगतीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी तेव्हा केला नाही, 'लांबच्या प्रवासात बॅटरी अधिक चार्ज होते' एवढ्यावर समाधान मानले.

पहिल्या गॅरेजमध्ये मी पुण्याहून परतताना थेट गेले. तेथील कारागिराने इंजिन चालू असतानाच बॅटरीची निगेटिव्ह केबल उचलून पाहिली. इंजिन बंद पडले नाही, तेव्हा 'अल्टरनेटर उत्तम आहे, बॅटरीच संपली' असा निर्णय त्याने दिला (अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र), आणि मी नवी बॅटरी घेतली. तीन आठवड्यांत नवी बॅटरीही बसली. दुसऱ्या गॅरेजमध्ये मोटार टोचन करून न्यावी लागली. तेथे जंपरने इंजिन चालू करून आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मीटर लावला, तो ११.९ व्होल्ट दाखवत होता. 'अल्टरनेटर काहीच देत नाही, नवा बसवावा लागेल' असे सांगून नऊ हजार रुपयांचा अंदाज माझ्या हातात देण्यात आला. एकाच अल्टरनेटरला एक जण उत्तम म्हणतो आणि दुसरा निकामी ठरवतो, हे काही मला पटले नाही. महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने उद्यमनगरातल्या या दुकानाचा पत्ता दिला.

मिस्त्री साठीच्या आसपासचे आहेत, आणि मुलगा हाताखाली काम करतो. दुकानात एका बाजूला आर्मेचर गुंडाळण्याचे टेबल, तांब्याच्या तारेची रिळे आणि वॉर्निशचा उग्र वास. दुसऱ्या बाजूला मोटरवर पट्टा चढवून अल्टरनेटर फिरवून पाहण्याचा एक जुना बाक आहे. मी दोन्ही गॅरेजची हकीकत सांगू लागले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, "ताई, त्यांनी काय सांगितलं ते र्‍हाऊ द्या. गाडी कवा बसती आणि कवा बसत नाही, तेवढं सांगा." गावातल्या गावात फिरताना बसते आणि पुण्याला जाऊन आल्यावर बसत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. महामार्गाला लागेपर्यंत मी गाडी कशी चालवते, आणि गावात कशी चालवते? गावात मी गाडी हळू चालवते, लवकर वरचा गिअर टाकते, इंजिन फारसे तापू देत नाही. या सवयीचा बॅटरीशी काही संबंध असेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्यानंतर त्यांनी बॉनेट उघडले नाही. मला चालकाच्या जागी बसवून किल्ली फक्त 'ऑन'वर फिरवायला सांगितली, सेल्फ न मारता. डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला, इंजिनचा लागला. खिडकीतून वाकून पाहत ते म्हणाले, "बॅटरीचा कुठं हाय? रोज सकाळी लागतोय का, कधी बघितलंसा?" मी पाहिले नव्हते. इंजिन चालू असताना तो लाल दिवा कधीच दिसत नाही, म्हणजे चार्जिंग ठीक आहे, अशी माझी समजूत होती. त्यांचे त्यावरचे उत्तर मला जसेच्या तसे आठवते: "दिवा लागला पायजे, आणि मग विझला पायजे. दोन्ही बघायचं."

हे उत्तर समजून घ्यायचे तर अल्टरनेटर आतून कसा चालतो ते थोडक्यात सांगावे लागेल. सायकलच्या डायनामोत कायमचा लोहचुंबक असतो, त्यामुळे चाक फिरले की वीज तयार होते. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये फिरणारा रोटर हा विद्युतचुंबक असतो. त्याच्या वेटोळ्यातून प्रवाह गेल्याशिवाय त्यात पुरेसे चुंबकत्व येत नाही, आणि चुंबकत्व आल्याशिवाय बाहेरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर वेटोळ्यांत, वीज तयार होत नाही. मग पहिला प्रवाह कोठून यायचा? माझ्या मोटारीत असलेल्या पद्धतीच्या अल्टरनेटरला मागच्या बाजूने दोनच तारा येतात. एक जाड, जी थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाते. दुसरी बारीक, जी डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्यातून येते. किल्ली 'ऑन' केली की बॅटरीतून निघालेला प्रवाह त्या दिव्यातून, बारीक तारेतून, रेग्युलेटर (दाब मर्यादेत ठेवणारा भाग) आणि कार्बन ब्रश (फिरत्या रोटरला टेकून प्रवाह पोहोचवणारे तुकडे) यांमार्गे रोटरमध्ये जातो. दिवा दोन वॅटचा असेल तर हा प्रवाह सुमारे ०.१७ अँपिअर एवढाच असतो, पण सुरुवात करून देण्यास तो पुरतो. इंजिन फिरू लागले आणि अल्टरनेटरने स्वतःची वीज तयार केली की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच विद्युत दाब (व्होल्टेज) येतो, त्यातून प्रवाह वाहत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे तो दिवा नुसता इशारा देण्यासाठी नाही, अल्टरनेटरला जागे करणाऱ्या मार्गाचाच तो एक भाग आहे. तो मार्ग कोठेही तुटला तर दोन गोष्टी एकदम घडतात: अल्टरनेटर जागा होत नाही, आणि तो जागा झाला नाही हे सांगणारा दिवाही लागत नाही.

मला वाटले आता काम झाले. परंतु मिस्त्रींनी अंदाजावर विसंबून तार शोधायला सुरुवात केली नाही. त्यांनी प्रथम मीटर काढला, आणि त्यानंतरचे प्रत्येक माप मुलाकडून बिलाच्या पाठीवर लिहून घेतले. त्या कागदावरचे आकडे माझ्यासमोर आहेत, त्यावरूनच पुढचे लिहीत आहे.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.१ व्होल्ट होती. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ किंवा किंचित अधिक दाखवते आणि १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली, तेव्हा ही अर्ध्याहून थोडी खाली गेलेली होती. सेल्फ मारताना दाब ९.९ पर्यंत खाली आला आणि इंजिन चालू झाले, म्हणजे बॅटरी उतरलेली असली तरी खराब झालेली नव्हती. आयडलवर मीटरने ११.९ दाखवले आणि आकडा हळूहळू खाली सरकत होता, दुसऱ्या गॅरेजला मिळाला होता तसाच. मग त्यांनी मुलाला ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर न्यायला सांगितले. काटा वर गेला त्या क्षणी मीटर एकदम १३.९ वर उडाला. पाय काढल्यावर इंजिन आयडलवर आले तरी आकडा १३.९ च्या आसपासच राहिला. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले, तर परत ११.९.

या एका कसोटीने दोन्ही गॅरेजची निदाने आणि माझी पुण्याची विसंगती, तिन्हींचा उलगडा झाला. रोटरच्या लोखंडात आधीचे थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. आयडलवर त्यातून निर्माण होणारा दाब इतका क्षीण असतो की तो डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, ओलांडू शकत नाही. परंतु वेग पुरेसा वाढला की तो दाब डायोड ओलांडतो, त्यातला थोडा प्रवाह रोटरकडे वळतो, चुंबकत्व वाढते, त्याने दाब आणखी वाढतो, आणि अल्टरनेटर कोणाच्या मदतीशिवाय स्वतःच जागा होतो. एकदा जागा झाला की इंजिन बंद होईपर्यंत तो आपला प्रवाह आपणच पुरवत राहतो. पुण्याच्या वाटेवर महामार्गाला लागताना इंजिन तीन हजारांच्या वर जात असे, त्यामुळे उरलेला प्रवासभर चार्जिंग होत असे. गावात माझा पाय हलका, तेव्हा तो वेग कधी येतच नसे. पहिल्या गॅरेजने पुण्याहून आलेली, अल्टरनेटर जागा असलेली मोटार तपासली. दुसऱ्याने टोचन करून आणलेली, अल्टरनेटर झोपलेली मोटार तपासली. दोघांनीही जे पाहिले ते खरे होते, परंतु एकाच स्थितीत पाहून दोघे थांबले.

येथे पहिल्या गॅरेजच्या पद्धतीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण ती अजूनही सर्रास वापरली जाते. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून पाहणे ही डायनामोच्या काळातली सवय आहे. तेव्हाच्या मोटारींत यांत्रिक कट-आउट (बॅटरीचा प्रवाह उलटा डायनामोत जाऊ न देणारी कळ) असे आणि दाब वाढून बिघडेल असे इलेक्ट्रॉनिक सामान जवळजवळ नसे. आजच्या मोटारीत बॅटरी ही दाबाचे धक्के शोषून घेणारी उशीही असते. ती अचानक बाजूला झाली की अल्टरनेटरचा दाब काही क्षणांसाठी कित्येक पटींनी उसळू शकतो, आणि त्यात रेग्युलेटर, डायोड किंवा इंजिनचा संगणकच जळू शकतो. माझी मोटार वाचली. परंतु कोणी कारागीर चालू इंजिनावर केबलला हात घालू लागला, तर वाचकांनी त्याला नम्रपणे पण ठामपणे थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मीटर वीस सेकंदांत तीच माहिती, आणि त्याहून अधिक नेमकी, देतो.

आता तुटलेला मार्ग शोधायचा होता. मिस्त्रींनी अल्टरनेटरच्या मागच्या बारीक तारेचे सॉकेट काढले, किल्ली 'ऑन' ठेवून ती तार इंजिनच्या अंगाला टेकवली. तार आणि दिवा शाबूत असते, तर असे केल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लागला असता, आणि मग दोष अल्टरनेटरच्या आत, म्हणजे झिजलेल्या कार्बनमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा लागला असता. दिवा लागला नाही, तेव्हा अल्टरनेटर निर्दोष सुटला आणि तपास तारेवर आला. नऊ हजारांचा प्रश्न या एका स्पर्शाने मिटला हे मी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर टेस्ट लॅम्प घेऊन ते डॅशबोर्डकडून इंजिनाकडे एकेक जोड तपासत आले. बॅटरीच्या ट्रेखाली, काचेवर मारायच्या पाण्याच्या बाटलीला चिकटून, एक कपलर, म्हणजे तारांची दोन टोके जुळवणारा जोड, होता. त्याच्या एका बाजूला वीज येत होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. उघडल्यावर आतली पिन हिरव्या थराने वेढलेली दिसली आणि किंचित ओढताच तारेचे टोक पिनपासून सुटून हातात आले. वरून बॅटरीच्या ॲसिडची वाफ आणि ओघळ, बाजूने बाटलीतून गळणारे पाणी, आणि त्यात आमच्याकडचा जून-जुलैचा पाऊस. तांबे टिकायचे तरी कसे?

त्यांनी तारेचा गंजलेला वीतभर भाग कापून टाकला, नवी तार जोडून सांध्याला डाग दिला, वर आवरण चढवले, कपलरच्या दोन्ही बाजूंना नवी टर्मिनल दाबून बसवली आणि आत व्हॅसलीन भरले. कपलर बाटलीपासून दूर, वरच्या बाजूला बांधला. किल्ली 'ऑन' केली तेव्हा बॅटरीचा लाल दिवा लागला, सेल्फ मारल्यावर विझला, आणि आयडलवर मीटर १३.९ दाखवू लागला.

बहुतेक ठिकाणी काम येथे संपले असते. मला हे दुकान आवडले ते यानंतरच्या वीस मिनिटांमुळे. मिस्त्रींनी हेडलाइट, ब्लोअर, वायपर आणि मागच्या काचेचा हीटर असे सगळे एकदम चालू केले. आकडा १३.४ वर आला. तोही चालण्यासारखा होता, पण त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी मीटरची एक कांडी अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर आणि दुसरी त्याच्याच अंगावर ठेवली, तर तेथे १४.१ मिळाले. अल्टरनेटर १४.१ देतो आणि बॅटरीपर्यंत १३.४ च पोहोचतात, म्हणजे ०.७ व्होल्ट वाटेत हरवत होते. अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजले तर फरक ०.१ आला, तो योग्य आहे. इंजिनच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजले तर ०.६. अर्थिंगच्या, म्हणजे प्रवाह परत येण्याच्या, वाटेत ०.२ च्या पुढे गेले की काही तरी बिघडले आहे असे समजावे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी जेथे बोल्टने आवळलेली असते, तेथे गंज चढला होता. तो पॉलिशपेपरने घासून, बोल्ट पुन्हा आवळल्यावर फरक ०.०५ वर आला आणि सगळे दिवे चालू असताना बॅटरीवर १४.० मिळू लागले.

विद्यार्थ्यांना ओहमचा नियम शिकवताना मी नेहमी सांगते की रोध लहान असला तरी प्रवाह मोठा असेल तर दाबाचा ऱ्हास मोठा होतो. तीस अँपिअर वाहत असताना ०.६ व्होल्ट हरवायला ०.०२ ओहम पुरेसे होतात, आणि एवढा सूक्ष्म रोध साधा मल्टीमीटर ओहमच्या खुणेवर ठेवून कधीच नीट मोजता येत नाही. तो प्रवाह चालू असतानाच, दाबातल्या फरकावरून पकडावा लागतो. मिस्त्रींनी हा नियम या नावाने कोठे वाचला असेल किंवा नसेल, त्यांच्या हाताला तो पक्का ठाऊक आहे. पुढच्या सत्रात हे उदाहरण मी वर्गात नेणार आहे.

शेवटी मीटर एसीवर ठेवून त्यांनी बॅटरीवरचा तरंग, म्हणजे दाबातला चढउतार, पाहिला. तो ०.०४ व्होल्ट होता. अल्टरनेटर आत तीन फेजची वीज तयार करतो आणि ती सहा डायोडमधून सरळ होऊन बाहेर पडते. त्यांतला एखादा डायोड गेला तर अल्टरनेटर चार्जिंग देतो असे वरवर दिसते, पण एकूण क्षमता घटते आणि हा तरंग अर्ध्या व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. पट्ट्याचा ताण त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला, भेगा नव्हत्या. मग इंजिन बंद करून, दारे लावून, मोटार अर्धा तास तशीच ठेवली आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर जोडून बंद गाडी किती प्रवाह पिते ते मोजले. ते ३० मिलिअँपिअर आले. घड्याळ आणि सेंट्रल लॉक यांच्यासाठी तेवढे लागतातच, पन्नासपर्यंत चिंता नसते.

बॅटरी मात्र त्यांनी ठेवून घेतली. अर्धी उतरलेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर सोडली तर चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसून तिचे आयुष्य घटते, असे सांगून त्यांनी ती रात्रभर कमी प्रवाहावर चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती १२.६ दाखवत होती. मजुरी, सामान आणि बॅटरीचे चार्जिंग मिळून त्यांनी ६५० रुपये घेतले. दोष शोधून देण्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. माझ्या मते ते लावायला हवेत, कारण खरे कौशल्य तेथेच खर्ची पडले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दुकानात बसायला लाकडी बाकाखेरीज काही नाही, आणि पाऊस असेल तर तेथेही ओल येते. बोळात एका वेळी दोनच मोटारी उभ्या राहतात, त्यामुळे सकाळी दहानंतर गेल्यास रस्त्यावर ताटकळावे लागते. फोन केल्यास कोणी उचलत नाही, प्रत्यक्षच जावे लागते. बिल हाताने लिहिलेले मिळते. कामातली एक चूक मला खटकली: मूळ तार वेगळ्या रंगाची असताना त्यांनी हाताशी असलेली काळी तार जोडली. पुढे दुसऱ्या कोणी हे वायरिंग तपासले तर काळी तार अर्थिंगची समजून त्याचा घोटाळा होऊ शकतो. मी हे बोलून दाखवल्यावर त्यांनी तारेच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळून दिली आणि त्या रंगाची तार संपली होती हे प्रांजळपणे सांगितले. टेप किती दिवस टिकेल याची मला शंका आहे. बॅटरीच्या ट्रेवर सांडलेले ॲसिड धुतले गेले नव्हते, ते मी घरी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले.

एक मर्यादा मिस्त्रींनी स्वतःच सांगितली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत अल्टरनेटरचा दाब इंजिनचा संगणक ठरवतो. गाडीचा वेग कमी करताना तो वाढवला जातो, एरवी इंधन वाचवण्यासाठी कमी केला जातो, त्यामुळे चालू इंजिनावर साडेबारा-तेरा व्होल्ट दिसले म्हणून तेथे लगेच दोष आहे असे म्हणता येत नाही. अशा मोटारी ते हातात घेत नाहीत, स्कॅनर असलेल्या ठिकाणी पाठवतात. मी तेथे असतानाच त्यांनी एका नव्या मोटारीच्या मालकाला असे परत पाठवले. हातचे गिऱ्हाईक 'हे माझं काम नव्हं' म्हणून सोडणारा माणूस आपल्या कामात काय सांगतो, त्यावर मी विश्वास ठेवते. कार्बन किंवा रेग्युलेटर बदलावा लागला तर मूळ कंपनीचा आणि बाजारातला, असे दोन्ही भाव ते आधी सांगतात आणि जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात देतात. शेजारच्या रिक्षावाल्याच्या बाबतीत मी ते प्रत्यक्ष पाहिले.

ज्यांची मोटार पंधरा-वीस वर्षांपर्यंतची आहे, ज्यांना वारंवार बॅटरी बसण्याचा त्रास आहे आणि ज्यांना नवा अल्टरनेटर घ्यायला सांगितले गेले आहे, त्यांनी तो घेण्याआधी एकदा येथे यावे. जाण्यापूर्वी दोन गोष्टी घरीच पाहून ठेवाव्यात, कारण मिस्त्री त्या विचारतातच. किल्ली 'ऑन' केल्यावर बॅटरीचा दिवा लागतो का, आणि इंजिन चालू झाल्यावर तो पूर्ण विझतो का, मंद लुकलुकत राहतो का, की वेग वाढवल्यावरच विझतो. आणि बॅटरी कोणत्या प्रकारच्या फिरण्यानंतर बसते. मीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा सकाळचा दाब लिहून न्यावा. मी आता तीनशे रुपयांचा एक साधा मीटर घेतला आहे आणि दर रविवारी माप घेते. दुरुस्तीला अडीच महिने झाले, त्यात गणपतीच्या दिवसांतली भर पावसातली फिरस्तीही आली, आणि गावातल्या गावात फिरूनही आकडा १२.५ च्या खाली आलेला नाही.

दुकान सकाळी साडेनऊला उघडते, सोमवारी बंद असते. पैसे मोबाइलवरून घेतात. निघताना मिस्त्रींनी एक गोष्ट आवर्जून सांगितली: तक्रार असलेली गाडी तपासायला आणताना वाटेत रेस करून, बॅटरी चार्ज करून आणू नका. "हाय तशी, थंड गाडी आणा. न्हाईतर आजार दवाखान्यात यायच्या आधीच पळून जातोय."